वस्ताद, मास्तर, संचालक

कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात आणि त्याच्या पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यात शरीर घडवण्याची विद्या आधी तालमीतल्या वस्तादाकडे होती. पुढे ती शाळेतल्या ड्रिल मास्तराकडे गेली आणि आता महाविद्यालयातल्या शारीरिक शिक्षण संचालकाकडे आहे. या तिघांच्या मागे हळूहळू एक शास्त्र उभे राहिले. माणूस किती वेळ दम धरतो, त्याचे स्नायू कशावर चालतात, थकवा कसा येतो आणि कसा उतरतो, हे मोजणारे ते व्यायामशास्त्र. या प्रदेशाने देशाला नामांकित मल्ल दिले आणि अलीकडे धावपटूही दिले. त्यांच्या शरीरांचे मोजमाप मात्र बहुतेक दुसरीकडे झाले, किंवा झालेच नाही. सांगली-साताऱ्याच्या क्रीडा-इतिहासातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

आजचा सांगली जिल्हा पूर्वी अनेक सत्तांत वाटलेला होता. सांगली, मिरज, जत आणि औंध ही संस्थाने होती, मधूनमधून ब्रिटिश साताऱ्याचा मुलूख होता. सांगली संस्थानातल्या तालुक्यांपैकी एक कुचीच्या नावाने ओळखला जाई. ते कुची गाव आज कवठे महांकाळ तालुक्यात आहे. संस्थाने १९४८ साली विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. शरीरविद्येच्या दृष्टीने या तुकड्यातुकड्यांच्या राजवटीला महत्त्व आहे. पैलवानाला आश्रय कोण देणार, शाळेत कोणता व्यायाम सक्तीचा होणार, हे त्या त्या दरबारावर ठरत असे.

तालमीचा कारभार साधा आणि कडक होता. हौदातली तांबडी माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर मिसळायचा आणि रोज खोऱ्याने उकरून ती मोकळी करायची. हे उकरणे हाच पठ्ठ्याचा पहिला व्यायाम. मग जोर, बैठका, सपाट्या, त्यानंतर लढती, शेवटी मालिश आणि खुराक. कोणाला किती जोर मारायला लावायचे, कोणाची जोड कोणाशी धरायची, कोणाला दोन दिवस हौदात उतरू द्यायचे नाही, हे वस्ताद नजरेने ठरवी. पठ्ठ्याचा श्वास, घामाची धार, मानेचा ताठा, डोळ्यांतली चमक हीच त्याची मापे. आज प्रशिक्षणशास्त्रात भार हळूहळू वाढवणे, विश्रांतीचे दिवस राखणे, प्रत्येकाचा कार्यक्रम वेगळा आखणे ही तत्त्वे शिकवतात. चांगला वस्ताद ती पाळत होता, फक्त ती कुठे लिहिलेली नव्हती. वस्ताद गेला की त्याच्या पठ्ठ्यांना जेवढे आठवे तेवढेच उरे.

या विद्येला सर्वांत मोठा आधार कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिला. १८९४ ते १९२२ या त्यांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात तालमी फोफावल्या. युरोपच्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले होते. त्याच धर्तीवर १९१२ साली खासबागचे कुस्ती मैदान तयार झाले. चहूबाजूंनी उतरत्या बैठका असल्याने कुठूनही हौद स्पष्ट दिसतो. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत सांगली-साताऱ्याच्या खेड्यांतली पोरे राहायला येऊ लागली आणि वस्तादकी हा पोट भरण्याचा व्यवसाय ठरला. दरबारचा आश्रय जिथे नव्हता, तिथे गावचा मान आणि जत्रेतले इनाम यांवर भागवावे लागे.

औंधमध्ये वेगळाच प्रयोग चालू होता. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः वर्षानुवर्षे सूर्यनमस्कार घालत. संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तके लिहिली आणि १९३८ साली लंडनमध्ये ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ या नावाने त्यांची पद्धत इंग्रजी वाचकांपुढे आली. औंधचा मुलूख सलग नव्हता. आटपाडी आणि कुंडल हे आजच्या सांगली जिल्ह्यातले भाग त्याच संस्थानचे होते. म्हणजे एका गावातली मुले रोज नमस्कार घालत होती आणि थोड्याच अंतरावरच्या, दुसऱ्या सत्तेखालच्या गावातली मुले घालत नव्हती. हवामान, खाणेपिणे आणि शेती जवळपास सारखीच. दोन्हीकडच्या मुलांची उंची, वजन, छातीचा घेर आणि दम यांची दरवर्षी नोंद ठेवली असती, तर याहून चांगली तुलना प्रयोगशाळेतही जमली नसती. राजेसाहेबांच्या लिखाणाचा भर मात्र स्वानुभवावर आणि गुण आलेल्यांच्या उदाहरणांवर आहे. त्यांची तळमळ खरी होती. पण व्यायाम न करणाऱ्यांचा गट समोर ठेवल्याशिवाय कोणता गुण व्यायामाचा आणि कोणता वयाचा, हे सांगता येत नाही.

मराठी माणसाने मोजायला सुरुवात केली ती बडोद्यात आणि लोणावळ्यात. बडोद्यात प्रोफेसर माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात तालमीतल्या व्यायामांना सांघिक कवायतीचे रूप मिळाले आणि देशी भाषेतल्या आज्ञा रूढ झाल्या. त्याच शहरात आबासाहेब मुजुमदार यांनी १९३६ पासून पुढे ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत काढला. कुस्तीचे डाव, मल्लखांब, लाठी, पोहणे, मैदानी खेळ अशा सगळ्या विद्यांची एवढी तपशीलवार मांडणी त्याआधी मराठीत झाली नव्हती. वस्तादांच्या डोक्यात होते ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कागदावर आले.

माणिकरावांचे एक शिष्य जगन्नाथ गणेश गुणे. पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ते ओळखले गेले. अंमळनेरला अध्यापन केल्यानंतर त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली या योगक्रियांचा अभ्यास सुरू केला. नौली करताना पोटाच्या पोकळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखवले. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. प्रयोग कसा केला, कोणावर केला, आकडे काय आले, हे त्यात छापले जाई. तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे कोवूर बेहानन लोणावळ्यात येऊन राहिले आणि १९३७ साली त्यांचा योगावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शरीराच्या क्षमतेवरचे संशोधन हे पूर्ण वेळाचे काम होऊ शकते, हे या प्रांतात पहिल्यांदा लोणावळ्याने दाखवून दिले.

याच सुमारास जगात या शास्त्राचा पाया घातला जात होता. केशवाहिन्यांच्या कार्यावरील संशोधनासाठी डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोघ यांना १९२० चे, तर स्नायूंतल्या उष्णतेवरील कामासाठी इंग्लंडच्या ए. व्ही. हिल यांना १९२२ चे नोबेल मिळाले. हिल आणि त्यांचे सहकारी पाठीवर हवेची पिशवी बांधून मैदानात धावत, उच्छ्वासाची हवा तिच्यात साठवत आणि नंतर तपासत. धावण्याचा वेग वाढवत नेला तरी एका मर्यादेनंतर शरीराची प्राणवायू घेण्याची क्षमता वाढत नाही, हे त्यांनी दाखवले. ही मर्यादा आजही दमाचे मुख्य माप मानली जाते. १९२७ साली हार्वर्डमध्ये थकव्याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा निघाली. ती १९४७ पर्यंतच चालली, पण तिच्यातून बाहेर पडलेल्या माणसांनी अमेरिकाभर हा विषय पसरवला. तिथेच तयार झालेली पायरीची चाचणी पुढे भारतातल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयांत घरोघरच्या पाढ्यांसारखी पाठ झाली.

शाळांत मात्र तेव्हा ड्रिल मास्तराचे राज्य होते. लष्करातून निवृत्त झालेला हवालदार शाळेत यायचा आणि शिट्टीवर हात-पाय हलवून घ्यायचा. त्याला शिस्त ठाऊक होती, शरीरशास्त्र ठाऊक नव्हते. पगारही शिक्षकांमध्ये तळाचा. १९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आल्यावर मुंबई प्रांताने या विषयाकडे गांभीर्याने पाहिले आणि त्या कामाची धुरा स्वामी कुवलयानंदांकडे आली. १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ त्याआधीपासून शिक्षक तयार करत होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकेही केली होती. पुण्यात १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ उभे केले आणि पुढे त्याच संस्थेने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. ही सगळी केंद्रे लोणावळा, मुंबई, पुणे, अमरावती इथली. कवठे महांकाळच्या मुलाला तेव्हा शारीरिक शिक्षणाची पदवी हवी असली, तर मिरज-कुर्डुवाडीच्या अरुंद रुळांवरून आधी मिरज गाठावे लागे आणि तिथून लांबची गाडी धरावी लागे.

मोजमापाची उणीव किती महाग पडते, हे १९५२ साली हेलसिंकीत दिसले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. मातीत वाढलेल्या या पैलवानाला गादीवरच्या कुस्तीचे नियम तिथे नवेच होते. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची लढत पंधरा मिनिटांवर चालली आणि ते गुणांवर हरले. त्यानंतर लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशी लढायला बोलावण्यात आले. दोन लढतींत अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, पण तो सांगून भांडायला भारताचा अधिकारी जागेवर नव्हता. खाशाबा ती लढत हरले.

त्या अर्ध्या तासाला शरीरशास्त्रात नेमका अर्थ आहे. जोरकस झटापटीत स्नायू पहिल्या काही सेकंदांत आपला तयार साठा वापरतात. तो भरून यायला काही मिनिटे पुरतात. लढत लांबली की स्नायू प्राणवायूची वाट न पाहता साखर जाळू लागतात आणि रक्तात लॅक्टेट साठते. ते पूर्वपदावर यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. पडून राहण्यापेक्षा हलके चालत राहिले तर ते लवकर उतरते. म्हणजे पंधरा मिनिटे झुंजलेला मल्ल लगेच पुन्हा उभा राहतो तेव्हा ताज्या दमाच्या प्रतिस्पर्ध्यापुढे तो आधीच अर्धा हरलेला असतो. चमूबरोबर हे जाणणारा एक माणूस असता तर त्याने नियमाचे पुस्तक उघडून दाखवले असते.

पुढच्या दशकात या खोऱ्यातल्या मल्लांनी आणखी मोठी कामगिरी केली. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० साली आणि मिरज तालुक्यातल्या कवठे पिरानचे मारुती माने १९६४ साली हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतही दोघांनी पदके मिळवली. (कवठे पिरान आणि कवठे महांकाळ ही दोन वेगळी गावे. बाहेरच्यांची त्यात नेहमी गल्लत होते.) गोळेश्वर, पुनवत आणि कवठे पिरान ही तिन्ही गावे कृष्णा-वारणेच्या काठाच्या टापूतली. पाणी, वैरण, म्हशी आणि दूध जिथे मुबलक, तिथे खुराक परवडतो.

खुराकाचा हिशेब थोडा मांडून पाहावा. साठ किलोचा पठ्ठ्या एका बैठकीत आपले अंग साधारण चाळीस सेंटिमीटर उचलतो असे धरले, तर पाचशे बैठकांचे निव्वळ काम अठ्ठावीस किलोकॅलरींच्या आसपास भरते. स्नायू आपल्या इंधनाचा सुमारे पाचवा हिस्साच कामात उतरवतात, बाकीचे उष्णता होऊन जाते. म्हणून प्रत्यक्ष खर्च एकशे चाळीस किलोकॅलरींच्या घरात जातो. खाली बसतानाचा खर्च त्यावर आणखी. उलट म्हशीचे एक लिटर दूध हजार किलोकॅलरींच्या आसपास असते. म्हणजे खुराक जिरवतात त्या बैठका ही समजूत अपुरी आहे. तो जिरतो हौद उकरण्यात, तासभराच्या लढतींत आणि वाढत्या वयाच्या अंगात. मेहनत सुटली आणि खुराक तसाच राहिला की पैलवानाचे पोट सुटते, त्याचेही कारण या हिशेबात आहे.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि तालुक्यातालुक्यात महाविद्यालये निघू लागली. कवठे महांकाळचे पद्मभूषण वसंतरावदादा पाटील महाविद्यालय याच विद्यापीठाशी संलग्न आहे. महाविद्यालयाबरोबर शारीरिक शिक्षण संचालकाचे पद आले आणि खेड्यातल्या खेळाडूला विद्यापीठीय नोकरीची वाट पहिल्यांदा मोकळी झाली. पदवी, पदव्युत्तर पदवी, पात्रता परीक्षा, पीएच.डी. असा तो मार्ग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी या पदाला सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीचा दर्जा दिला आणि एक अट इतर कोणत्याही विषयात नसलेली घातली. उमेदवाराला धावून दाखवावे लागते. तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत १८०० मीटर अंतर कापायचे. बारा मिनिटांची ही चाचणी अमेरिकी डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये मांडली होती. ही अट योग्यच आहे. शरीराचा विषय शिकवणाऱ्याने शरीर राखले पाहिजे.

संशोधनाची गोष्ट मात्र इतकी समाधानाची नाही. पदव्युत्तर प्रबंधासाठी वर्षानुवर्षे वापरले गेलेले साधन म्हणजे हार्वर्डची पायरी चाचणी. वीस इंच उंचीची लाकडी पेटी, ठोके देणारे यंत्र आणि घड्याळ एवढ्यावर ती होते. मिनिटाला तीस वेळा, पाच मिनिटे, पेटीवर चढायचे आणि उतरायचे. मग खाली बसायचे आणि पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या मिनिटानंतर प्रत्येकी अर्धा मिनिट नाडी मोजायची. मोजणी ८०, ६५ आणि ५५ आली तर बेरीज २०० होते. ३०० सेकंदांना शंभराने गुणून या बेरजेच्या दुपटीने भागले की गुणांक ७५ येतो, म्हणजे सरासरीपेक्षा बरा. स्वस्त आणि खेड्यात जमणारी अशी ही चाचणी आहे. पण वीस इंचांची पायरी अमेरिकी तरुणांच्या उंचीवर बेतलेली. आखूड पायांच्या मुलाला तीच पायरी जास्त जड जाते, म्हणून पुढे तिच्या कमी उंचीच्या आवृत्त्या निघाल्या. अडचण साधनापेक्षा प्रश्नांची आहे. कबड्डी आणि खो-खोच्या खेळाडूंच्या लवचीकतेची तुलना, शहरी आणि ग्रामीण विद्यार्थ्यांच्या क्षमतेची तुलना, अशा विषयांवर प्रबंधांमागून प्रबंध झाले. एकदा मोजायचे, आकड्यांची परीक्षा लावायची आणि फरक सार्थ की असार्थ एवढे सांगून थांबायचे. त्याच मुलांना पाच वर्षांनी पुन्हा मोजणे क्वचितच घडते. संचालकाच्या अंगावर स्पर्धा, संघ, मैदान, प्रवेश, विद्यापीठाची कागदपत्रे एवढे सगळे असते. त्यात संशोधन बढतीपुरते उरते.

दरम्यान खेळांचा नकाशा बदलला. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात वेटलिफ्टिंगचे रौप्य जिंकले. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवले. मोही आणि करगणी ही दुष्काळी पट्ट्यातली गावे आहेत, कवठे महांकाळसारखीच. नदीकाठाने पैलवान दिले आणि माळरानाने धावपटू दिले, असा सरळ नियम एवढ्या थोड्या नावांवरून काढणे घाईचे होईल. शाळेला रोज पायी जाणे, उन्हातले काम, दुधाची टंचाई, हलकी अंगकाठी यांपैकी कशाचा वाटा किती, हे मोजल्याखेरीज कळणार नाही. उन्हाची सवय अंगी बाणायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते, एवढे जगभरच्या प्रयोगांनी ठरवले आहे. जन्मापासून त्याच उन्हात वाढलेल्या मुलाचे काय होते, हा प्रश्न कवठे महांकाळात विचारायचा नाही तर कुठे?

महाराष्ट्राने २०२० साली पुण्यासाठी आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला. प्राणवायू मोजणारी महागडी यंत्रे तिथे येतील आणि यावीतही. पण या तालुक्यांतली पहिली कामे त्या यंत्रांवाचून अडलेली नाहीत. शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची उंची, वजन, पायाची लांबी आणि ठरावीक अंतर धावण्याचा वेळ दरवर्षी त्याच महिन्यात लिहून ठेवणे, तालमीतल्या पठ्ठ्यांची सकाळची नाडी आणि वजन रोज टिपणे, आणि म्हाताऱ्या वस्तादांकडून त्यांचा आठवड्याचा मेहनतीचा क्रम, जोड लावण्याचे ठोकताळे, दुखापतीवरचे उपाय उतरवून घेणे, ही ती कामे. काटा, फीतपट्टी, घड्याळ आणि वही एवढ्यावर ती होतात. महाविद्यालयातल्या शारीरिक शिक्षण संचालकांनी यंदाच्या जूनपासून ती सुरू करावीत. जुन्या वस्तादांची पिढी आता थकली आहे.